बैल पळतो, पण कशापासून?

18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडूचा जल्लिकट्टू, कर्नाटकची कंबळा आणि महाराष्ट्राची बैलगाडा शर्यत यांच्यासाठी त्या त्या राज्यांनी केलेल्या कायदादुरुस्त्या वैध ठरवल्या. त्या दिवसापासून आपल्याकडे या विषयावरचं बोलणं संपल्यात जमा आहे. शर्यतीविरुद्ध कुणी तोंड उघडलं की पुढ्यात एकच वाक्य येतं: सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली, आता कसला वाद?

वाद आहे, आणि तो त्या निकालातच आहे. 7 मे 2014 रोजी ए. नागराजा प्रकरणात याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जल्लिकट्टूवर आणि महाराष्ट्रातल्या शर्यतींवर बंदी घातली होती. अशा खेळांत बैलाला वेदना होतात आणि ते 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाहीत, असं त्यांनी पुराव्यानिशी म्हटलं होतं. 2023 च्या घटनापीठाने बैलाला काही होत नाही असं कुठेही म्हटलेलं नाही. त्याचं म्हणणं असं, की 2014 नंतर राज्यांनी कायदे बदलले, नियम केले, त्या नियमांमुळे वेदना कमी होतील. आणि एखादा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवणं विधिमंडळाचं काम आहे. सोबत त्याने हेही बजावलं, की नियम काटेकोर पाळले गेले पाहिजेत आणि त्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची आहे. म्हणजे सगळा निकाल नियमांच्या भरवशावर उभा आहे. विधिमंडळाला कायदा करण्याचा अधिकार आहे, एवढं ठरलं. तो कायदा करणं योग्य होतं का, हा प्रश्न न्यायालयाने आपल्यासाठी सोडवून दिलेला नाही. तो आपला आहे.

शर्यतीच्या बाजूने जे बोललं जातं त्यातला पाया म्हणजे ‘बैलाला पळायला आवडतं’ हे विधान. बाकी सगळे युक्तिवाद त्यावर रचलेले आहेत, म्हणून त्याला वेळ दिला पाहिजे. राज्य सरकारने बैलाच्या पळण्याच्या क्षमतेबद्दल तज्ज्ञांचा अहवाल करून न्यायालयापुढे ठेवला. बैल पळू शकतो, हे दाखवायला अहवालाची गरज नव्हती. गवतातून साप निघाला तर सात महिन्यांची गाभण गायसुद्धा पळते. पळता येणं हा शरीराचा गुण झाला; पळावंसं वाटणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि समर्थक पहिल्याचा पुरावा देऊन दुसरी सिद्ध झाली असं समजून पुढे जातात. दावणीतून सोडलेला खोंड रानात चार उड्या मारतो, शेपूट वर करून बांधापर्यंत धावतो, थांबतो, गवताला तोंड लावतो. ते त्याचं स्वतःचं पळणं. ते कधी सुरू करायचं, कुठे वळायचं, कधी थांबायचं हे तो ठरवतो. दुसऱ्या बैलाला जुंपून, मागे गाडा लावून, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत उभी करून, घड्याळ लावून जे पळवलं जातं, त्यात यातलं काहीच त्याच्या हातात नसतं.

घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, तोंडाशी उभं राहून गाडा सुटण्याआधीचे क्षण ज्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळात दोन जोड्या गाड्याला जुंपतात आणि पुढे घोडीवर स्वार असतो. जू मानेवर आल्याबरोबर बैल मागे रेटतो. चार-पाच माणसं त्याला वेसणीला, शिंगांना धरून असतात. डोळ्यांतला पांढरा भाग दिसू लागतो, नाकपुड्या फुगतात, शेण पातळ पडतं. गुराढोरांत वाढलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, ही लक्षणं कशाची? तो ‘बुजलाय’ म्हणेल. हेच जनावर गोठ्यात असं वागलं तर मालक रात्रभर झोपणार नाही. घाटात मात्र त्याच लक्षणांना ‘बैल तापलाय’, ‘बैल जोशात आहे’ असं म्हणतात.

बैलाच्या नजरेची एक गोष्ट लक्षात घेतली तर पुढचं उलगडतं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जो प्राणी स्वतः शिकार होत आला, त्याचे असेच असतात. मान न वळवता त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते थेट पाठीमागचं. शिकारी येतो तो तिथून. आणि आपण गाडा, गाडीवान, त्याच्या हातातली काठी आणि मागून उठणारा हजारो माणसांचा कल्ला हे सगळं नेमकं तिथेच ठेवतो, जिथे त्याला पाहून खात्री करून घेता येत नाही. शेपूट पिरगाळली जाते ती तिथे, चावली जाते ती तिथे. शेपटीत मणके असतात, मज्जातंतू असतात. ती मुरगळली की कळ थेट पाठीत जाते. 2014 च्या खटल्यात प्राणी कल्याण मंडळाच्या निरीक्षकांनी जे नोंदवलं त्यात शेपटीवरचे हे प्रकार होतेच. बैल वेगाने पळतो, कारण मागे काहीतरी आहे आणि पुढे मोकळी वाट आहे. याला आनंद म्हणायचं असेल तर आनंदाचा अर्थ फार खाली आणावा लागेल.

पराणीबद्दल बोललं पाहिजे. वावभर लांबीची बांबूची काठी, तिच्या टोकाला बसवलेली लोखंडी आर. आर फार मोठी नसते, मुठीत लपते. ती पुठ्ठ्यावर टोचली की रक्ताचा थेंब येतो आणि खिल्लार जातीच्या पांढऱ्या बैलावर तो लगेच दिसतो, म्हणून त्यावर हळद किंवा भंडारा दाबतात. समर्थक सांगतात की आता नियम आहेत. काठी, चाबूक, विजेचा धक्का देणारं साधन, सगळ्याला मनाई आहे. मोडणाऱ्याला 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद आहे. नियम आहेत हे खरं. पण टोकदार काठीवर मनाई राज्याच्या 2017 च्या कायदादुरुस्तीनेच आली, असं समजू नका. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्राने 1965 मध्ये केलेल्या नियमांतच खिळे-आरवाल्या काठ्या निषिद्ध आहेत. जवळपास 60 वर्षं पराणीची आर या देशात बेकायदा आहे आणि इतकी वर्षं आठवडी बाजारात ती उघड विकत मिळते. नवे नियम पाळले जातील हा विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? 1960 च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे जास्तीत जास्त 50 रुपये, आणि तो आकडा दशकानुदशकं बदललेला नाही. ज्या व्यवस्थेला 60 वर्षांत हा आकडा बदलावासा वाटला नाही, ती भर जत्रेत, हजारोंच्या गर्दीत, गाडामालकाच्या हातातली काठी हिसकावून घेईल?

आणि समजा घेतली. समजा एकही काठी उगारली गेली नाही, एकही शेपूट पिरगाळली गेली नाही. मग बैल किती वेगाने पळेल, हे समर्थकांनी एकदा दाखवावं. माझी खात्री आहे की असा गाडा घाट चढेल, पण त्याला नंबर मिळणार नाही. शर्यतीत सेकंदाच्या भागाला किंमत आहे आणि तो भाग भीतीतूनच निघतो. म्हणून नियमांनी सुरक्षित झालेली शर्यत ही गोष्ट मला पटत नाही. ज्या घटकामुळे निकाल लागतो तोच घटक नियम काढून घ्यायला सांगतात.

आता प्रेमाबद्दल. ‘आम्ही त्याला पोटच्या लेकरासारखं सांभाळतो’ हे वाक्य मी खोटं मानत नाही. शर्यतीच्या बैलाला दूध, अंडी, उडीद मिळतात. त्याच्यासाठी पंखा लागतो, डास येऊ नयेत म्हणून जाळी लागते. तो मेला तर घरात चूल पेटत नाही आणि त्याचा दहावा घातला जातो. हे सगळं खरं आहे आणि शहरातल्या ज्या लोकांना ते ढोंग वाटतं त्यांनी गावात चार दिवस राहून पाहावं. पण प्रेम आहे म्हणून बारीत, म्हणजे शर्यतीतल्या एका धावेत, होणारी इजा माफ होते, हे कुठून आलं? लेकराची तुलना समर्थकांनीच काढली आहे, तर ती शेवटपर्यंत नेऊ. वर्षभर तूप-पोळी खाऊ घातलेल्या मुलाला जत्रेच्या दिवशी मागून टोचत पळवलं आणि त्याच्या पायांवर पैसा लावला, तर ते तूप कुणी पुरावा म्हणून दाखवेल का? जितकी माया जास्त, तितकी त्याच्या डोळ्यांतली भीती ओळखण्याची जबाबदारी जास्त. ती ओळखता येत नाही असं मालक म्हणू शकत नाही. त्याच्याइतकं त्या जनावराला कुणीच ओळखत नाही.

यानंतर खिल्लारची गोष्ट काढली जाते. शर्यत बंद झाली तर खिल्लार संपेल, म्हणजे विरोध करणारेच खिल्लारचे मारेकरी. हा युक्तिवाद प्रामाणिक माणसांनाही पटतो, म्हणून तो तपासू. देशाच्या पशुगणनेत 2012 ते 2019 या सात वर्षांत गोवंशातल्या नरांची संख्या साधारण 6 कोटी 79 लाखांवरून 4 कोटी 74 लाखांवर आली, म्हणजे 30 टक्के घट. याच काळात माद्या 18 टक्क्यांनी वाढल्या. यामागे शर्यतबंदी नाही. नांगरट, पेरणी, मळणी, वाहतूक ट्रॅक्टरकडे गेली. गाय दुधासाठी राहिली आणि बैलाचं काम उरलं नाही. शर्यत ही घसरण थांबवू शकत नाही, कारण ती फार थोड्या बैलांना पोसते. एका मैदानात नावाजलेली जोडी जिंकते आणि तिची किंमत लाखांत जाते. त्याच वंशातले, त्याच गावातले बाकीचे खोंड कुणाला नको असतात. आणि खिल्लार म्हणजे महाराष्ट्राचा सगळा गोवंश नाही. इगतपुरी-अकोले भागातल्या मुसळधार पावसात भातखाचरात काम करणारी डांगी, लातूर-उदगीरकडची देवणी, नांदेडची लाल कंधारी, वर्ध्याची गवळाऊ, कोकणातली बुटकी कपिला. यांना जगवायला कोणती शर्यत आहे? ज्यांना जातिवंत जनावरांची खरंच काळजी आहे त्यांनी सरकारकडे देशी बैल पाळणाऱ्याला दरमहा चाऱ्याचे पैसे मागावेत, वळूंची सोय मागावी, छोट्या शेतीला परवडतील अशी बैलचलित अवजारं मागावीत. मोर्चे निघाले ते शर्यतीसाठी. आणि 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत झालेल्या मोठ्या शर्यतीची बक्षिसं होती जेसीबी, बोलेरो, ट्रॅक्टर. बैल जिंकतो आणि मालकाच्या दारात बैलाचं काम घेणारं यंत्र उभं राहतं. यातून बैल कसा वाचतो हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

यात एक आक्षेप मात्र असा आहे ज्यापुढे थांबावं लागतं. महालक्ष्मीला आणि पुण्याच्या कॅम्पात घोडे पळतात, त्यावर पैसा लागतो, हातात छडी घेतलेला जॉकी पाठीवर असतो. तिथे सूटबूटवाले बसतात म्हणून ते चालतं, आणि आमच्या धोतर-टोपीवाल्यांचा खेळ तेवढा क्रूर? हा आक्षेप रास्त आहे. कायद्याने 2014 मध्ये गरिबाच्या मैदानाला कुलूप लावलं आणि श्रीमंताच्या रेसकोर्सला हात लावला नाही, ही गोष्ट अन्यायाची होती आणि प्राण्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ती जितक्या मोठ्याने बोलायला हवी होती तितकी बोलली नाही. कोंबड्यांचंही तसंच. वीतभर जागेत उभं आयुष्य काढणाऱ्या अंड्याच्या कोंबडीबद्दल मूग गिळून बसायचं आणि जत्रेतल्या बैलासाठी अश्रू गाळायचे, हे चालणार नाही. साखर कारखान्याच्या रस्त्यावर मणामणाने जास्त भरलेली उसाची गाडी ओढणारा बैल गुडघ्यावर येतो, तेव्हाही हाच प्रश्न आहे. 1965 चे तेच नियम सांगतात की जनावराला दिवसात 9 तासांपेक्षा जास्त जुंपू नये, सलग 5 तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 मुळीच नाही. मार्चमधल्या उसाच्या फडात हे कोण पाळतं?

पण या आक्षेपाचा निष्कर्ष काय काढायचा? समर्थक काढतात तो असा, की तिकडे क्रूरता चालते म्हणून इकडेही चालू द्या. मला त्यातून उलटं दिसतं: घोड्यांचंही थांबवा, पिंजऱ्यांचंही बदला, उसाच्या गाडीवरचं ओझं उतरवा. एका जनावराचा छळ दुसऱ्याच्या छळाची परवानगी होत नाही. शिवाय या सगळ्यांत फरकही आहे. उसाची गाडी ओढणाऱ्या बैलामागे ऊसतोड कामगाराचं पोट आहे. तिथे एकदम बंदी घातली तर बैलाबरोबर माणूसही उपाशी मरेल, म्हणून तिथे ओझं कमी करत, यंत्र आणत, मजुरी वाढवत जावं लागेल. घाटातल्या बारीमागे कुणाचं पोट आहे? शर्यतीच्या जोडीला लाखो रुपये मोजणारा, तिच्यासाठी गडी ठेवणारा, टेंपोने तिला जिल्ह्याजिल्ह्यांत फिरवणारा माणूस कोरडवाहू चार एकरांचा धनी नसतो. ज्या गरीब शेतकऱ्याच्या नावाने हे भांडण लढलं जातं, तो शर्यतीच्या दिवशी गर्दीत दोरीमागे उभा असतो. गाडा फिरला तर अंगावर येतो त्याच्याच. माणसं दगावल्याच्या बातम्या हंगामात येतात आणि चार दिवसांत विसरल्या जातात.

‘प्राण्यांची दया ही इंग्रजी शिकलेल्यांची आयात’ असंही म्हणतात. 1960 चा कायदा ज्यांच्या चिकाटीमुळे झाला त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल तमिळनाडूतल्या भरतनाट्यम्‌च्या नर्तिका होत्या. राज्यसभेत त्यांनी आधी स्वतःचं विधेयक मांडलं आणि पुढे प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पण इतकं लांब जायला नको. आपला पोळा पाहा. आदल्या दिवशी खांदेमळण असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात, उद्या जेवायला या म्हणून बैलाला आवतण देतात. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्याच्यावर हात उगारत नाहीत, घरची बाई त्याचे पाय धुते, नैवेद्य आधी त्याच्या तोंडाशी धरते. बेंदरालाही तसंच. त्या खांद्याला दुखतं, त्या जिवाला थकवा येतो आणि आपण त्याचं देणं लागतो, हे या चालीने मान्य केलेलं आहे. त्यात कुणी परदेशी विचार घुसवलेला नाही. शर्यतही परंपरा आहे, हे मी नाकारत नाही. शंकरपट, छकडा, घाट ही नावं जुनी आहेत. परंपरेत दोन्ही असतात, तेव्हा निवड आपण करतो आणि त्या निवडीची जबाबदारीही आपलीच असते, पूर्वजांवर ढकलता येत नाही. गोव्यातला धिरयो, बैलांची झुंज, ही काही कमी जुनी नव्हती. नव्वदच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ती बेकायदा ठरवली. आजही ती पुन्हा सुरू करा म्हणून मागणी होते, चोरून झुंजीही लागतात, पण धिरयोवाचून गोंयकारपण बुडालं असं कुणी दाखवून दिलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट आपल्या राज्याच्या कायद्यांत आहे. 4 मार्च 2015 पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, तिला 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दोनच वर्षांनी, 2017 मध्ये, त्याच विधिमंडळाने शर्यतीसाठी प्राणी क्रूरता कायद्यात दुरुस्ती केली. पहिल्या कायद्यात बैलाचा जीव इतका मोलाचा आहे की तो घेणं गुन्हा; दुसऱ्यात त्याच बैलाला करमणुकीसाठी भीतीने पळवणं कायदेशीर. दोन्ही कायदे करताना बैलाचं नाव घेतलं गेलं. जगणं कसं असेल याचा विचार दोन्हींत नाही. विकता येत नाही आणि पोसता येत नाही अशा म्हाताऱ्या जनावराचं काय होतं हे दुष्काळी तालुक्यांतल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे: त्याला रात्री गावाबाहेर सोडून येतात. पाय मोडलेल्या, वेग गेलेल्या शर्यतीच्या बैलाचं काय होतं हे गाडामालकांच्या संघटनांनी सांगावं. नावाजलेल्या दहा-वीस बैलांची समाधी बांधली जाते, तिचे फोटो येतात. बाकीच्या बैलांचा हिशेब कुठे आहे?

हा हिशेब मागण्यासाठी बंदीची वाट पाहायची गरज नाही. घटनापीठाने जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकलीच आहे. नियमांनुसार शर्यतीचं चित्रीकरण करावं लागतं आणि ते प्रशासनाकडे द्यावं लागतं. ही चित्रफीत सरकारी कपाटात पडून राहण्यापेक्षा प्रत्येक तालुक्यात लोकांना पाहायला खुली करा. ज्याला आपल्या खेळात काही वावगं नाही असं वाटतं त्याने हरकत घेण्याचं कारण नाही. आयोजकांच्या मांडवात सत्काराचा नारळ न घेणारा पशुवैद्य प्रत्येक बैलाला बारीच्या आधी आणि नंतर तपासू दे: शेपटीचे मणके, पुठ्ठ्यावरच्या जखमा, नाकातली वेसणीची भेग, श्वास. मैदानात उतरलेल्या प्रत्येक बैलाच्या कानात बिल्ला असू दे आणि पाच वर्षांनी तो कुठे आहे हे मालकाला लेखी सांगावं लागू दे. शर्यतीत क्रूरता नाही असं जे म्हणतात त्यांना यातली एकही अट जड जाऊ नये. या मागण्या घेऊन मी समर्थकांच्या बरोबर जिल्हाधिकारी कचेरीत यायला तयार आहे, आणि ते तयार आहेत का हे मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे.